जुना संगणक हाती आल्यावर

प्रश्न : माझ्याकडचे दोन जादा जॉयस्टिक देऊन मी एका संग्राहकाकडून कमोडोर ६४ घेतला. तो बरीच वर्षे बंद होता. लगेच चालू करून पाहावा का? पिवळे पडलेले आवरण उजळता येईल का?

उत्तर : मूळ अडॅप्टर लावून तो मुळीच चालू करू नका. १९८२ साली बाजारात आलेल्या या संगणकाला ५ व्होल्ट डीसी आणि ९ व्होल्ट एसी असे दोन पुरवठे लागतात. अडॅप्टरमधला जुना रेग्युलेटर, म्हणजे विजेचा दाब स्थिर ठेवणारा भाग, निकामी झाला की ५ व्होल्टच्या तारेवरचा दाब वाढतो आणि मेमरीच्या चिप जळून जातात. मल्टीमीटरवर आज ५ व्होल्ट दिसले तरी निर्धास्त होऊ नये, कारण हा बिघाड यंत्र चालू असतानाही उद्भवतो. राळेने भरलेला तो जुना अडॅप्टर दुरुस्तीसाठी उकरत बसण्यापेक्षा नव्या बनावटीचा अडॅप्टर घेणे शहाणपणाचे.

आवरणावर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते अतिनील प्रकाशात ठेवल्यास पिवळेपणा उतरतो; मात्र लेप असमान बसला तर ढगांसारखे डाग उमटतात, आणि पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. मला विचाराल तर तो रंग तसाच राहू द्यावा.