कळा, श्वास आणि घरचं बाळंतपण

प्रश्न : पहिलटकरीण आहे, आठवा महिना. हिप्नोबर्थिंगचा, म्हणजे सूचना ऐकत, संथ श्वास घेत अंग सैल सोडून कळा सोसण्याचा, सराव करते. घरीच शांतपणे बाळंत होता येईल का?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : सराव जरूर चालू ठेवा. रोज २० मिनिटं, डाव्या कुशीवर, पतीच्या आवाजातल्या त्याच सूचना ऐकत. कळ चढू लागताच नाकाने ४ मोजत श्वास घ्या, ८ मोजत सोडा; जबडा, खांदे सैल. बहुतेकींचं इथेच चुकतं. कळ शिगेला गेल्यावर श्वास आठवतो, तोवर अंग आखडलेलं असतं. बोटांना मुंग्या आल्या तर श्वासाचा वेग कमी करा.

बाळंतपण मात्र घरी नको, असं आम्ही ठामपणे सांगतो. प्रसूतीनंतर जास्त रक्त जाईल का, हे आधी खात्रीने कळत नाही. तेव्हा श्वासाचा सराव पुरत नाही, ऑक्सिटोसिन (गर्भाशय आकुंचित करून रक्तस्राव आवरणारं औषध) आणि रक्त हाताशी लागतं.

सुरुवातीच्या कळा घरी काढा. दर ५ मिनिटांनी, मिनिटभराची कळ तासभर येत राहिली की निघा. नाशिक शहरात जायचं असेल तर वाटेतल्या द्वारका चौकातली वाहतूक कोंडी हिशेबात धरून. पाणी गेलं, रक्त दिसलं किंवा बाळाची हालचाल मंदावली तर कळांची वाट पाहू नका. वाहन नसेल तर १०८ला फोन करा. मंद दिवे आणि सोबतीला माणूस चालेल का, हे रुग्णालयात आताच विचारा.