कोरडा दिवस कधी पाळायचा? डासांविषयी वाचकांचे प्रश्न

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातून डास, साठवणीचे पाणी आणि ताप यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. एका वाचकाचा प्रश्न थेट आफ्रिकेतल्या किन्शासा शहराचा आहे, पण त्याचे धागेही आपल्या बॅरलपर्यंत येतात.

प्रश्न : आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं. आरोग्य खात्याच्या बाई सांगतात, आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळा, सगळी भांडी रिकामी करा. पाणी ओतून दिलं तर पुढचे दिवस वापरायचं काय? दोनशे लिटरची तीन बॅरलं आहेत, झाकणं दोनालाच. मागच्या पावसाळ्यात घरात दोघांना डेंग्यू झाला. (एक गृहिणी, विडी घरकुल)

उत्तर : ताई, पाणी ओतून देऊ नका. कोरडा दिवस वारावर ठरवण्याऐवजी पाण्याच्या पाळीवर ठरवा, म्हणजे एक तांब्याही वाया जाणार नाही.

डेंग्यूच्या डासाची, म्हणजे एडिस इजिप्तीची, मादी अंडी पाण्यावर सोडत नाही. पाण्याच्या पातळीच्या जरा वर, बॅरलच्या ओलसर भिंतीला चिकटवते. अंडे काळे आणि इतके बारीक असते की काजळीचा कण वाटावा. आपण पाणी उपसत जातो, पातळी खाली जाते, अंडी कोरडी पडतात. पण मरत नाहीत. तशीच काही महिने टिकतात. पाचव्या दिवशी नळ सुटतो, अर्ध्या बॅरलवर आपण नवे पाणी भरतो, पातळी पुन्हा त्या पट्ट्यावर चढते आणि तयार अंड्यांतून काही तासांत अळ्या बाहेर पडतात. नुसते पाणी बदलून डास का हटत नाहीत, त्याचे कारण हे.

आता दिवस मोजू. आपल्याकडच्या उष्ण हवेत अळी बाहेर पडल्यापासून डास उडेपर्यंत साधारण सात-आठ दिवस जातात. पाणी येते पाचव्या दिवशी. म्हणजे प्रत्येक बॅरल सात दिवसांच्या आत एकदा तळापर्यंत रिकामे झाले, तर त्यातून एकही डास उडत नाही. बिघडते ते तिन्ही बॅरलांतून थोडे थोडे पाणी घेतल्यामुळे. पाणी येईल की नाही या धास्तीने प्रत्येकाच्या तळाशी दोन-चार बादल्या राखल्या जातात आणि महिना-महिना तळ दिसत नाही.

म्हणून बॅरलांवर रंगाने १, २, ३ असे आकडे घाला. आधी १ पूर्ण संपवा, मग २ ला हात लावा, शेवटी ३. जे संपेल ते त्याच दिवशी घासून उपडे घाला. पाण्याच्या दिवशी ३ मध्ये काही उरले असेल, तर ते दाट सुती फडक्यातून गाळून बादल्यांत काढा, बॅरल घासा, तेच पाणी परत ओता आणि वर नवे भरा. पुढच्या फेरीत सुरुवात या ३ पासून करा, म्हणजे जुने पाणी आधी संपेल.

घासण्यातच खरी मेहनत आहे. हात फिरवून किंवा नुसते विसळून अंडी निघत नाहीत. काथ्या किंवा कडक ब्रश घ्या आणि काठाच्या आतल्या वळणापासून खाली या, कारण बॅरल भरलेले असताना पाणी तिथवर असते. कपडे धुण्याची पावडर ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात कालवून तो लेप पाणरेषेच्या वरच्या वीतभर पट्ट्याला लावा, पंधरा मिनिटे ठेवा, मग घासा आणि दोनदा विसळा. ब्लीचिंगमध्ये संडास धुण्याचे अॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. विसळलेले पाणी उन्हातल्या कोरड्या मातीवर टाका.

तिसऱ्या बॅरलला जुन्या सुती साडीचे दुहेरी कापड बांधा. दोरीची गाठ सैल पडते, त्यापेक्षा सायकलच्या जुन्या ट्यूबचे कडे चांगले बसते. कापड मध्ये झोळ पडून पाण्याला टेकता कामा नये. टेकले तर मादी त्या ओल्या कापडावरच अंडी घालते.

अळी पाहायची असेल तर टॉर्च घ्या, पण सावली पडताच अळ्या तळाला जातात, म्हणून मिनिटभर हलू नका. स्वल्पविरामासारखा वाकडा, न खाणारा जीव दिसला तर तो कोष. त्याचा दोन दिवसांत डास होतो, आणि अॅबेटसारख्या अळ्या मारणाऱ्या औषधाचा त्याच्यावर भरवसा धरता येत नाही. असे पाणी गाळूनच घ्या.

अॅबेटचे प्रमाण लिटरमागे १ मिलिग्रॅम एवढेच असते. पन्नास टक्क्यांच्या द्रव औषधाचे दोनशे लिटरला ०.४ मिलि, म्हणजे जेमतेम आठ थेंब. अंदाजाने ओतण्याची ही वस्तू नव्हे. ते कर्मचाऱ्यांनाच टाकू द्या. शिवाय दर पाळीला अर्धे पाणी बदलले की औषधही निम्मे होत जाते. औषध टाकले म्हणून घासणे सोडू नका.

प्रश्न : वाड्यातल्या हौदात गप्पी मासे सोडले, दोन दिवसांत सगळे मेले. पाणी खराब आहे का? (भवानी पेठ)

उत्तर : पाणी खराब असण्यापेक्षा ताजे असण्याची शक्यता जास्त. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना झोंबते. हौद भरल्यावर वरून जाळी लावून एक-दोन दिवस तसाच ठेवा, मग मासे सोडा. माशांची पिशवी आधी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा आणि हौदातले पाणी थोडे थोडे पिशवीत घाला, कारण तापमानाचा एकदम बदलही त्यांना मारतो.

हौदाच्या लांबीच्या दर मीटरला पाच ते दहा मासे पुरतात. त्यांना पिठाच्या गोळ्या घालू नका. पोट भरलेला मासा अळ्यांकडे वळत नाही. पुढे पाणी भरताना मासे जगायचे असतील तर हौदात निम्मे जुने पाणी असताना नळ सोडा. धुवायच्या दिवशी बादलीत काढून ठेवा. पिण्याच्या बॅरलात मात्र मासे नकोत, तिथे घासणी हेच औषध.

उरलेले मासे सिद्धेश्वर तलावात किंवा कंबर तलावात सोडण्याचा मोह होतो. कृपया सोडू नका. गप्पी दक्षिण अमेरिकेतला मासा आहे, मोकळ्या पाण्यात तो आपल्या देशी माशांची अंडी-पिल्ले खातो. आणि डेंग्यूचा डास तलावात वाढतच नाही.

प्रश्न : गल्लीत धुराची गाडी येऊन गेली तरी रात्री डास तेवढेच. गटार तर रोज साफ होते. (साखर पेठ)

उत्तर : धुराने त्या घटकेला उडणारे डास मरतात, अळ्या आणि अंड्यांना काही होत नाही. गाडी आली की आपण दारे-खिडक्या लावून घेतो आणि डास आत पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे सुखरूप राहतात. अन्न-पाणी झाकून, लहान मुलांना बाजूला नेऊन, दारे उघडी ठेवा.

रात्री कानाशी गुणगुणणारा डास बहुधा क्युलेक्स असतो, आणि तो घाण पाण्यातला. गटार वाहते असेल तर सेफ्टी टँक पाहा. गच्चीपर्यंत गेलेल्या हवेच्या पाइपाच्या तोंडाला नायलॉनची जाळी दुहेरी करून तारेने आवळा. भोक दीड मिलिमीटरपेक्षा मोठे नको. चेंबरच्या झाकणाच्या फटी सिमेंटने भरा. जाळी उन्हाने कुजते, वर्षाला बदला. सोलापूर जिल्हा हत्तीरोगाच्या यादीतला आहे आणि हा रोग याच डासाने पसरतो, म्हणून हे काम पुढे ढकलू नका.

प्रश्न : घराच्या स्लॅबवर आळी करून पाणी साठवले आहे. शेजारी तक्रार करतात. स्लॅब कच्चा राहू द्यायचा का? (जुळे सोलापूर)

उत्तर : स्लॅब कच्चा राहू देऊ नका, आणि शेजाऱ्यांची तक्रारही खरी आहे. पाणी मारण्याचे सात ते दहा दिवस आणि डास तयार होण्याचे दिवस जवळपास सारखेच. चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी आळी फोडा, खराट्याने पाणी लोटून द्या, आळी पुन्हा बांधून लगेच नवे पाणी भरा. एवढ्या वेळात स्लॅब सुकत नाही. भिंती आणि खांबांना बारदान गुंडाळून ते ओले ठेवा. बिगाऱ्यांची पिंपे आणि लिफ्टचा खड्डा मात्र सगळेच विसरतात.

प्रश्न : आमच्याकडे १९७३ च्या चिकुनगुन्याची आठवण वडीलधारी अजून काढतात. हा आजार आफ्रिकेतून आला का? तेव्हा झालेल्यांना पुन्हा होतो का? (बार्शी)

उत्तर : बार्शीची ती साथ वैद्यकीय इतिहासात नोंदलेली आहे. आजाराची पहिली ओळख १९५२-५३ साली आजच्या टांझानियाच्या दक्षिणेकडच्या माकोंडे पठारावर पटली. माकोंडे भाषेतल्या या नावाचा अर्थ वाकून जाणे. सांधे धरलेला माणूस ज्यांनी पाहिला आहे त्यांना तो समजावून सांगायला नको. तिथे पाण्याची टंचाई होती आणि झोपड्यांत मडक्यांतून साठवण. बार्शीतही १९७२-७३ हे दुष्काळाचेच वर्ष होते.

भारतात हा विषाणू १९६३ मध्ये कोलकात्यात आढळला. १९७३ नंतर तीसेक वर्षे तो जणू गायब होता, आणि २००५-०६ मध्ये परत आला तो आफ्रिकी वंशाचा होऊन. त्याआधी २००४ मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ होती, मग हिंदी महासागरातल्या बेटांवर. वंश वेगळे असले तरी एकदा होऊन गेल्यावर मिळणारे संरक्षण दीर्घकाळ टिकते. म्हणून १९७३ साली आजारी पडलेल्या कुणाचे सांधे आज दुखत असतील तर ते जुन्या तापावर ढकलू नका, संधिवाताची तपासणी करून घ्या.

प्रश्न : मुलाला कंपनी दोन वर्षांसाठी किन्शासाला पाठवते आहे. कोणती लस लागते? आणि आपला भारतीय डास आफ्रिकेत पोहोचला आहे असे वाचले, ते खरे का? (होटगी रोड)

उत्तर : पिवळ्या तापाची लस सक्तीची. आपल्या डेंग्यूचाच डास तो पसरवतो. डिसेंबर २०१५ मध्ये अंगोलाच्या लुआंडा शहरात साथ सुरू झाली, पुढे किन्शासापर्यंत गेली. जगभरचा लसीचा साठा इतका कमी पडला की ऑगस्ट २०१६ मध्ये किन्शासात लाखो लोकांना नेहमीच्या मात्रेचा पाचवा हिस्साच टोचावा लागला. आपल्याकडे हा डास घरोघर आहे, विषाणू मात्र नाही. म्हणूनच विमानतळावर प्रमाणपत्र इतके काटेकोर पाहतात.

लस सरकारमान्य केंद्रावरच घ्यायची, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी, कारण प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होते. २०१६ पासून ते आयुष्यभर चालते. प्रमाणपत्राचे मूळ पिवळे पुस्तक पासपोर्टसोबत ठेवा. प्रमाणपत्राशिवाय परतला तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. अंड्याची तीव्र अॅलर्जी असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू असतील तर केंद्रावर आधीच सांगा.

तरी तिथे रोजचा धोका मलेरियाचा, तोही फाल्सिपेरम या सर्वांत घातक जातीचा. तिथला मुख्य डास, अॅनोफिलीस गॅम्बी, पावसाच्या उघड्या, उन्हातल्या डबक्यांत, चाकोऱ्यांत, भाजीच्या वाफ्यांत वाढतो आणि रात्री चावतो. खोली निवडताना मागे भाजीचे मळे किंवा साचलेली जमीन आहे का ते पाहायला सांगा. औषध लावलेली मच्छरदाणी, खिडक्यांना जाळी आणि डॉक्टरांनी ठरवलेल्या प्रतिबंधक गोळ्या, तिन्ही हवेत. काही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्याव्या लागतात आणि तिथेच लोक थांबतात.

आणि हो, वाचलेले खरे आहे. अॅनोफिलीस स्टीफेन्सी हा आपल्या शहरांतला मलेरियाचा डास, गच्चीवरच्या टाक्या आणि विहिरींतला. २०१२ मध्ये तो जिबूतीत सापडला, २०१६ मध्ये इथिओपियात, पुढे नायजेरियापर्यंत. जिबूतीत २०१२ साली मलेरियाचे अवघे २७ रुग्ण नोंदले होते, २०२० मध्ये ७३ हजारांवर. गॅम्बीला पावसाची डबकी लागतात, म्हणून कोरड्या ऋतूत शहरांना उसंत मिळे; स्टीफेन्सी बॅरल आणि टाकीत बाराही महिने निभावतो. इथिओपियातल्या डिरे डावा शहरात २०२२ मध्ये ऐन कोरड्या दिवसांत साथ आली ती यानेच. ओळखायची खूण अळीची: डेंग्यूची अळी डोके खाली करून लोंबते, ही पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर आडवी पडते. तुमच्या गच्चीवरच्या टाकीत आज अशी दिसली तर झाकणाची फट आणि ओव्हरफ्लोचा पाइप तपासा.

मुलाला एवढे नक्की सांगून ठेवा: तिथे असताना, किंवा परतल्यावर तीन महिन्यांत, कधीही ताप आला तर डॉक्टरांशी पहिले वाक्य ‘मी किन्शासात होतो’ हेच बोलायचे आणि त्याच दिवशी मलेरियासाठी रक्त द्यायचे. फाल्सिपेरमचा ताप उद्यापर्यंत थांबून पाहण्यासारखा नसतो.