रिपोर्ट नॉर्मल, तरी माणूस कामावर जाईना

"ताई, ईसीजी काढला, शुगर बघितली, सगळं नॉर्मल आलंय. मग ह्यांना झालंय तरी काय? कामाला जायला नको म्हणून नाटक तर करत नसतील?"

कोल्हापूरच्या फुलेवाडी, पाचगाव, कळंबा या भागांतून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या बायका हा प्रश्न फार वेळा विचारतात. नवरा गवंडी, सेंट्रिंगवाला किंवा बिगारी असतो. घरात हप्ते थकलेले, मुकादमाची उचल अंगावर, आणि हा उठून चहा पिऊन परत आडवा होतो. बाईचा धीर सुटतो. तिला दोष देता येत नाही, पण उत्तर स्पष्ट आहे: नाटक नाही. बांधकामावरच्या माणसाचा ताण बहुतेक वेळा अंगात उतरून दिसतो. "मला भीती वाटते" असं तो म्हणणार नाही. तो म्हणेल, छाती भरून येते, हातपाय गळतात, डोकं हलकं होतं.

असाच एक अनुभव सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.

चाळिशीतला गवंडी, हाताला चांगला, बाहेरच्या गिलाव्यात त्याचं नाव. दिवाळीनंतर त्यानं काम सोडलं. दवाखाना झाला, देवऋषी झाला, अंगारा झाला. मुकादम त्याला कामचुकार म्हणू लागला होता. तो समोर बसला तेव्हा सारखा अंगठ्यानं दुसऱ्या हाताची बोटं चोळत होता. सिमेंटनं खाल्लेली, पेरांवर चिरा पडलेली बोटं. त्रास काय होतो हे विचारल्यावर उत्तर एकच, "काय नाय ताई, जरा अशक्तपणा हाय."

मी आजाराचं विचारणं सोडलं आणि कामाचं विचारलं. शेवटचं काम कुठं होतं, जोडीला कोण होतं, कितव्या मजल्यावर होता? जोडीदाराचं नाव घेतलं आणि तो थांबला. मग हळूहळू सांगितलं. तिसऱ्या मजल्याच्या परांचीवर दोघं होते. जोडीदार भावकीतलाच. "मी म्हणलो, फळी जरा फुडं वड. त्यानं वडली, आन् खाली गेला." तो वाचला, पण कमरेखाली अधू होऊन गावाकडे अंथरुणाला खिळला. दुसऱ्या दिवशी त्याच परांचीवर काम चालू झालं. हा पुढे पंधरा दिवस चढला, एक शब्द न बोलता. मग एका सकाळी शिडीला हात लावल्यावर छाती धडधडायला लागली, घाम फुटला, आणि आता आपण मरतो असं वाटून तो खाली बसला. घरी बायकोला त्यानं अपघात सांगितला होता. "फळी वड" म्हणाल्याचं नव्हतं सांगितलं.

छातीत दुखत असेल तर आधी हृदय तपासायलाच हवं, ते या घरानं केलं होतं आणि योग्यच केलं. त्यानंतर उरतो तो भीतीचा झटका. धोका नसतानाही शरीर धोक्याची घंटा वाजवतं, ठोके वाढतात, श्वास उथळ होतो, हातांना मुंग्या येतात. साधारण दहा मिनिटांत हे टोकाला जातं आणि मग आपोआप उतरतं. जीव जात नाही, पण भोगणाऱ्याला ते पटत नाही.

पटवायला पंचगंगा नदी कामाला आली. 2019 आणि 2021 चा पूर त्यानं पाहिला होता. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना आलं की इशारा, 43 ला धोका, हे कोल्हापुरात पोराटोरांना पाठ. मी म्हटलं, भीती फुटांत सांगा. मग आमचं बोलणं तसंच व्हायला लागलं. "आज जिन्यात उभा राहिलो, 41 झालं." "मग काय केलं?" "तुम्ही सांगितलं तसं श्वास सोडत थांबलो. उतरलं की." पळून न जाता थांबलं तर पाणी उतरतं, हे त्याला स्वतःच्या अंगावर कळणं गरजेचं होतं. नुसत्या माझ्या सांगण्यानं ते झालं नसतं.

झोपेसाठी तो रोज क्वार्टर घ्यायला लागला होता. दारूनं डोळा लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते आणि सकाळी धडधड जास्त होते. मात्र रोज पिणाऱ्यानं आपल्या मनानं एकदम बंद करू नये. हात कापणं, भ्रम, फिट येणं असं होऊ शकतं. म्हणून त्याला सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवलं. बायकोला गोळ्यांची धास्ती होती. भीती आणि नैराश्यावर डॉक्टर देतात त्या मुख्य गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात आणि त्या मनानं सोडायच्या नसतात. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागते, त्या मेडिकलमधून परस्पर आणू नयेत.

खरा पेच हजेरीचा होता. समुपदेशनाला यायचं तर दिवस बुडतो, दिवस बुडला तर उचल फिटत नाही. त्यामुळे आम्ही संध्याकाळी काम सुटल्यावर फोनवर बोलायचो. मुकादमालाही एकदा बोलावलं. तो रागातच आला. मी त्याला एवढंच विचारलं की महिनाभर याला खालचं काम देता येईल का. फरशी, आतला गिलावा, काहीही. चांगला कारागीर हातचा जाऊ नये हे त्यालाही कळत होतं. मग तळमजला, पुढे पहिल्या मजल्याचा स्लॅब, नंतर गॅलरी, असं एकेक पायरीनं चढवलं.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे. कुजक्या फळीवर, पट्टा नाही, खाली जाळी नाही, अशा जागी वाटणारी भीती हा आजार नव्हे. ती शहाणी भीती आहे आणि ती घालवायला मी मदत करणार नाही. ठेकेदारानं आधी परांची नीट बांधावी, मग कामगाराला श्वासाचे व्यायाम शिकवायला आम्हाला बोलवावं.

मनावरचा दगड मात्र शिडीनं उतरला नाही. जोडीदाराला भेटायला जायचं त्याला धाडस होत नव्हतं. शेवटी बायको सोबत गेली. तिकडे माफीबिफी काही झालं नाही. अंथरुणावरचा माणूस म्हणाला, "माझ्या तीन हजेऱ्या राहिल्यात, मुकादमाला सांग." या निरोपानं याला काहीतरी करायला मिळालं. हजेऱ्यांचे पैसे पोचवले. जोडीदाराची बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे नोंदणी नव्हती. पण तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याखाली अपघातापासून दोन वर्षांच्या आत दावा करता येत होता, हे कळल्यावर त्यासाठी तो वकिलाकडे हेलपाटे घालायला लागला. स्वतःची नोंदणीही केली. 18 ते 60 वय आणि आधीच्या वर्षात 90 दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला लागतो. याच दिवसांत क्वार्टर सुटली आणि "फळी वड"ची गोष्टही त्यानं बायकोला सांगितली.

आज तो दुसऱ्या मजल्यापर्यंत आतलं काम करतो. बाहेरच्या परांचीवर चढत नाही, आणि मी आग्रह धरलेला नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर "काय होतंय?" यापेक्षा "कामावर काय झालं?" असं विचारा. झोप उडणं, दचकणं, कामाची जागा टाळणं महिन्याच्या वर चाललं तर मानसोपचार विभागात न्या आणि पहिल्या भेटीला सोबत जा, कारण तो तिथेही अशक्तपणाच सांगेल. "माझ्यामागं तुमचं बरं होईल" असं काही बोलला तर ते थट्टेवारी नेऊ नका. जीव द्यायचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. त्याला एकटं सोडू नका आणि 14416 ला फोन लावा. टेलिमानस ही सरकारी सेवा आहे, रात्रंदिवस चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीतून बोलता येतं. त्याला बोलवत नसेल तर फोन तुम्हीच करा.