'पाकळी काढा' म्हणजे रेखाटा की हटवा?

प्रश्न असा आहे: चित्रसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फूल तयार करण्याची कृती मराठीत लिहिताना आधी 'नव्या लेयरवर पाकळी काढा' (लेयर म्हणजे चित्राचा वेगळा थर) असे वाक्य आले आणि थोड्या वेळाने 'जास्तीची पाकळी काढा' असेही आले. एकाच क्रियापदाने पाकळी उमटते आणि तीच नाहीशीही होते, तर गोंधळ टाळण्यासाठी 'काढणे' पूर्णपणे सोडून 'रेखाटणे' आणि 'हटवणे' हे दोनच शब्द वापरावेत का?

माझ्या मते 'काढणे' सोडू नये. त्याचे दोन अर्थ दिसतात तितके परस्परविरोधी नाहीत, आणि मराठी वाक्याची रचनाच बहुतेक वेळा ते वेगळे करून देते. जिथे ती अपुरी पडते अशा मोजक्या जागा ओळखून तेवढ्याच ठिकाणी शब्द बदलावा.

'काढणे'चे मूळ प्राकृतातील 'कड्ढ' या धातूत आहे आणि त्याचा अर्थ ओढणे, खेचणे. आतली वस्तू बाहेर आणणे ही या क्रियापदातली मूळ हालचाल. विहिरीतून पाणी काढतात, पायातला काटा काढतात, कपाटातून कपडे काढतात. आता बाहेर येण्याच्या क्रियेला दोन टोके असतात: वस्तू जिथून निघाली ते ठिकाण आणि ती जिथे प्रकट झाली ते ठिकाण. काटा काढताना आपले लक्ष पहिल्या टोकाकडे असते, कारण पाय मोकळा होणे महत्त्वाचे असते. आवाज काढणे, फोटो काढणे, मासिक काढणे, चित्र काढणे या प्रयोगांत लक्ष दुसऱ्या टोकाकडे असते, कारण तिथे पूर्वी नसलेले काहीतरी आता आहे. म्हणून इथे एकमेकांविरुद्ध दोन क्रिया नाहीत. एकच हालचाल आहे आणि ती कधी या टोकाकडून, कधी त्या टोकाकडून पाहिली जाते.

वाचकाला कोणते टोक अभिप्रेत आहे हे कसे कळते, ते फुलाच्या कृतीतच पाहू. 'लेयरवर पाकळी काढा' असे लिहिले की पाकळी अजून अस्तित्वात नाही, ती घडवायची आहे, हे कुणालाही समजते. याच वाक्यात एक 'ची' घालून 'लेयरवरची पाकळी काढा' असे केले, की पाकळी आधीपासून तिथे असल्याचे ठरते आणि अर्थ उलटतो. 'एक पाकळी काढा' म्हणजे रेखाटा, पण 'त्यांतली एक पाकळी काढा' म्हणजे कमी करा. जे अजून नाही ते काढणे म्हणजे घडवणे आणि जे आहे ते काढणे म्हणजे दूर करणे, हा भेद मराठी माणूस न शिकवता पाळतो. साधनही तेच सांगते: ब्रशने काढलेली पाकळी उमटते, खोडरबराने काढलेली जाते.

प्रतींच्या बाबतीत तर शंकेला जागाच उरत नाही. पाच पाकळ्यांचे फूल करायचे असेल तर एक पाकळी पूर्ण करून, फिरवण्याचा मध्यबिंदू तिच्या देठाकडच्या टोकावर आणून, 'पाकळीच्या चार प्रती काढा आणि त्या अनुक्रमे ७२, १४४, २१६ आणि २८८ अंशांनी फिरवा' असे लिहावे. (मध्यबिंदू हलवला नाही तर प्रत्येक प्रत स्वतःच्या पोटाभोवती फिरते आणि सगळ्या पाकळ्या एकाच जागी साचतात, म्हणून ही सूचना कृतीतून वगळू नये.) 'प्रती काढणे' म्हणजे तयार करणेच. त्या नको असतील तर आपण सहजच 'काढून टाका' म्हणतो. हे 'टाकणे' सहायक क्रियापद म्हणून आले की हटवण्याचा अर्थ पक्का होतो. पाकळी उचलून दुसऱ्या चित्रात न्यायची असेल तर 'काढून घ्या' आहे. संयुक्त क्रियापदांची ही सोय हाताशी असताना 'काढणे' टाळण्याचे कारण दिसत नाही.

सुचवलेल्या पर्यायांपैकी 'रेखाटणे' चांगला शब्द आहे, पण तो रेषेशी बांधलेला आहे. पेन टूलने पाकळीची कडा आखली तर ते रेखाटणे. मऊ ब्रशने, कडा न आखता, गडद गुलाबीकडून फिक्या रंगाकडे जाणारी पाकळी रंगवली तर तिला रेखाटणे म्हणणे मला पटत नाही. तिथे 'रंगवणे' किंवा 'चितारणे' योग्य. 'हटवणे' यात जागेवरून दूर सारण्याची छटा आहे, अडथळा हटवतात. पाकळीसाठी 'काढून टाकणे' अधिक मराठी वाटते, आणि रंगाचा फक्त काही भाग घालवायचा असेल तर 'पुसणे'.

आता खरी अडचण. 'पाकळीखाली सावली काढा' हे स्पष्ट आहे, पण नुसते 'सावली काढा' हे दोन्हीकडे झुकते, कारण चित्रात सावली घालणे आणि असलेली सावली घालवणे ही दोन्ही कामे सारखीच नेहमीची आहेत. 'पार्श्वभूमी काढा'चेही तेच. इथे संदर्भावर विसंबू नये; 'सावली द्या', 'पार्श्वभूमी रंगवा' आणि उलट बाजूला 'काढून टाका' असे लिहावे. दुसरी जागा धातुसाधिताची, म्हणजे 'काढलेली'सारख्या क्रियापदापासून बनलेल्या शब्दाची. 'काढलेली पाकळी पुन्हा निवडा' या वाक्यात आधार देणारी विभक्ती नाही आणि सहायक क्रियापदही नाही, त्यामुळे 'रंगवलेली' किंवा 'काढून टाकलेली' असा भेद केलाच पाहिजे. तिसरी जागा बटणांची. बटणावर एकटाच शब्द असतो, कर्म नाही, साधन नाही, म्हणून तिथे सुटे 'काढा' कधीही ठेवू नये.

तुमच्या मूळ वाक्यांपैकी पहिले जसेच्या तसे राहू द्यावे. दुसऱ्यात 'जास्तीची' या शब्दामुळे अर्थ कळतोच, तरी चित्र काढण्याच्याच कृतीत ते येत असल्याने 'जास्तीची पाकळी काढून टाका' असे करावे.