बीएस्सी गणिताला प्रवेश घेतलास ना? मग हे ऐक

बारावीला गणितात नव्वदच्या वर होते म्हणून निर्धास्त राहू नकोस. तिथे उत्तर काढायचं होतं, इथे सिद्ध करायचं असतं. रिअल अ‍ॅनालिसिसमध्ये एप्सिलॉन-डेल्टा (लिमिटची काटेकोर व्याख्या) आलं की निम्मा वर्ग सिद्धता घोकायला लागतो. तू लागू नकोस.

व्याख्या मात्र तोंडपाठ हव्यात, शब्दन् शब्द. आणि प्रमेय वाचताना एक खोडी करत जा: त्यातली एखादी अट काढून टाक आणि काय बिघडतं ते बघ. बंद अंतराल [०, १] वर फलन संतत (कुठेही न तुटणारं) असेल तर ते सीमाबद्ध असतंच, म्हणजे त्याच्या किमती ठरावीक मर्यादेतच राहतात. आता टोकं काढ. (०, १) वर १/क्ष संतत आहे, पण शून्याकडे सरकताना हाताबाहेर जातं. बंद अंतराल कशाला हवं होतं, कळलं? सिद्धता वाचून झाली की वही मिटून कोऱ्या कागदावर लिहून काढ. जिथे अडशील तिथेच समजलेलं नसतं.

लिनियर अल्जिब्रा सोपं वाटेल. मॅट्रिक्सची आकडेमोड जमली म्हणून बरेच जण पुढे जातात आणि व्हेक्टर स्पेस ही त्यामागची मूळ कल्पना डोक्यावरून जाते. गाइड परीक्षेच्या आदल्या आठवड्यापुरतं ठीक (वापरतात सगळेच).

एमएस्सी आयआयटीतून करायची असेल तर जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते. हे दोन विषय पक्के असले की तिची बरीच तयारी झालेली असते. आणि उन्हाळ्यातल्या एमटीटीएस या गणित प्रशिक्षण शिबिरासाठी अर्ज करच. १९९३ पासून सुरू आहे, आणि तिथे शिक्षक सांगतात कमी, विचारतात जास्त.