दोन एसी, दोन वेगळी उत्तरं

प्रश्न थोडक्यात असा. नागपूरच्या एका निवृत्त शिक्षिका लिहितात: 'घरात 2014 साली घेतलेले दोन दीड टनी स्प्लिट एसी आहेत. आमच्या खोलीतल्याचा कॉम्प्रेसर गेला. दुरुस्तीला 17,000 सांगितले. मुलगा पुण्याहून म्हणतो, दोन्ही जुने झालेत, दोन्ही बदल, नो-कॉस्ट ईएमआयवर घे. दुकानदाराने फाइव्ह स्टारचे 44,000 आणि थ्री स्टारचे 36,000 सांगितलेत, बसवायचे साडेतीन हजार वेगळे. एकदम पैसे दिले तर नगामागे 3,000 कमी करतो. पेन्शन 31,000, बचत खात्यात 70,000 आणि दवाखान्यासाठी ठेवलेली चार लाखांची एफडी. यजमानांची बायपास झालेली आहे. एफडी मोडू का?'

नमस्कार ताई,

एफडीला हात लावू नका. ती दवाखान्याची आहे, एसीची नाही. आणि मुलाचं अर्धंच ऐका. एक एसी बदला, दुसरा राहू द्या.

तुमच्या खोलीतला आधी घेऊ. तुम्ही लिहिलंय की एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत रोज रात्री आणि पुढे उकाड्याच्या काही रात्री तो चालतो. म्हणजे साधारण 110 रात्री, नऊ-नऊ तास. वर्षाचे हजार तास धरू. जुनी मशीन कॉम्प्रेसर चालू असताना तासाला पावणेदोन युनिटांच्या आसपास खाते. खोली गार झाली की तो मधूनमधून थांबतो हे धरलं, तर तासाला सरासरी 1.1 युनिट. वर्षाला 1,100. नव्या मशीनच्या लेबलवर वर्षाची युनिटं छापलेली असतात, ती 1,600 तासांची. फाइव्ह स्टारवर 760 च्या आसपास आकडा दिसला, तर तुमच्या हजार तासांना 475 येतात. बचत सव्वासहाशे युनिटांची.

युनिटचा भाव कुठला धरायचा, इथे बहुतेक लोक चुकतात. बिलाची एकूण रक्कम भागिले युनिटं करून चालत नाही. एसीची युनिटं तुमच्या नेहमीच्या वापराच्या वर बसतात, म्हणजे महावितरणच्या 101-300 आणि 301-500 या टप्प्यांत. तुम्ही पाठवलेल्या मे महिन्याच्या बिलात वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) आणि 16% वीज शुल्क मिळवलं, तर या वरच्या युनिटांना सरासरी 15 रुपये पडतात. वर्षाचे नऊ हजार वाचतात. नागपूरच्या मे महिन्यात लेबलवरचा आकडा कोणी पाळत नाही, म्हणून मी आठच धरतो.

आता 44,000 अधिक 3,500, त्यातून रोखीची 3,000 ची सूट वजा, म्हणजे 44,500. दुरुस्तीचे 17,000 वाचले. जास्तीचे लागले साडेसत्तावीस हजार. आठ हजारांनी ते साडेतीन वर्षांत निघतात. उलट दुरुस्ती केलीत तर बारा वर्षांच्या सांगाड्यात नवा कॉम्प्रेसर बसतो, आणि तुमच्या मशीनच्या पाटीवर आर-22 लिहिलंय, म्हणजे आत गारवा करणारा तो जुना वायू. ओझोन वाचवण्यासाठी देशांनी केलेल्या मॉन्ट्रियल करारामुळे हा वायू 2030 पर्यंत भारतात जवळजवळ बंद होणार आहे. पुढे गळती लागली तर भरायला मिळेल का आणि काय भावाने, हा प्रश्न सोबत विकत घेण्यात अर्थ नाही.

थ्री स्टार की फाइव्ह? तुमच्या तासांना फरक वर्षाला दीडशे युनिटांचा, सव्वादोन हजारांचा. आठ हजार जास्तीचे साडेतीन वर्षांत फिटतात, तेव्हा फाइव्ह. पण तारे मोजू नका. जानेवारी 2026 पासून ताऱ्यांचे निकष कडक झाले, गेल्या वर्षीचा पाच यंदा चारवर येतो. दुकानात दोन्ही लेबलांचा माल असू शकतो. वर्षाची युनिटं वाचा आणि त्यावरच भांडा.

मुलाच्या खोलीतला एसी तो आला की चालतो. वर्षाला वीस रात्री, फार तर 160 तास. तिथे नव्या मशीनने शंभर युनिटं वाचतील, म्हणजे दीड हजार रुपये. तेच साडेचव्वेचाळीस हजार 7% च्या एफडीत नुसते पडून राहिले तर वर्षाला तीन हजारांच्या वर व्याज देतात. बचतीपेक्षा व्याज दुप्पट! मशीन चालू आहे ना? मग चालू द्या. मरेल तेव्हा बदलू. मुलाला हा परिच्छेद वाचून दाखवा.

नो-कॉस्ट ईएमआयमध्ये 'नो-कॉस्ट' एवढंच की रोखीची 3,000 ची सूट तुम्ही सोडता. बँक व्याज लावतेच, दुकान तेवढी किंमत कमी दाखवतं, आणि व्याजावरचा 18% जीएसटी व प्रोसेसिंग फी तुमच्या माथी. बचत खात्यातून रोख द्या. पंचवीस हजारांच्या वर शिल्लक राहते. ती पुन्हा भरायला पेन्शनमधून महिन्याला दोन हजारांची आवर्ती ठेव लावा. खातं भरलं तरी ती बंद करू नका. फ्रिज, इन्व्हर्टरची बॅटरी, तो दुसरा एसी, कोणी ना कोणी येणारच आहे रांगेत.

देखभालीचं थोडं सांगतो, कारण तुमच्या पत्रातला एक खर्च मला टोचला. दरवर्षी 'गॅस संपला' म्हणून अडीच हजार दिलेत. एसीतला गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो बंद नळीत फिरतो आणि कमी झाला तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता गॅस भरणारा माणूस पुढच्या वर्षाची नेमणूकच करून जातो. दुसऱ्या मशीनला पुन्हा तसं म्हणाला तर आधी गळती दाखव म्हणा. तिच्यासाठी साडेचार हजारांचा वार्षिक करारही नको. कॉम्प्रेसर, पीसीबी (आतलं इलेक्ट्रॉनिक कार्ड) आणि गॅस वगळलेला करार म्हणजे दोन धुलाया महागात. फेब्रुवारीत एक ओली सर्व्हिस करून घ्या, जाळी दर पंधरा दिवसांनी नळाखाली धरा.

हॉलमधला कूलर काढायचा विचारही सोडा. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. ताट्या तेवढ्या नव्या घाला. मृगाचा पाऊस पडला की तो निरुपयोगी, तेव्हा टाकी रिकामी करून पुसा, डासांची पैदास नको.

बसवायला माणूस येईल तेव्हा घरी थांबा. बाहेरचं युनिट तो सोयीची म्हणून गच्चीच्या पश्चिम भिंतीवर ठोकेल. ते उत्तरेला किंवा सावलीत घ्यायला लावा, चार फूट नळी जास्त लागली तरी चालेल. भर उन्हात तापलेल्या युनिटला माझा साडेतीन वर्षांचा हिशेब लागू होत नाही.