रिपोर्ट नॉर्मल, तरी सकाळी उठतानाच थकवा: बायकांना हे ‘व्हायचंच’ का?

तुम्ही लिहिलंय, वय ३४, दोन मुलं, रात्री सात तास झोपूनही सकाळी अंथरुणातून उठवत नाही, दोन जिने चढले की दम लागतो. हिमोग्लोबिन १२.१ आलं म्हणून डॉक्टर नॉर्मल म्हणाले आणि घरचे म्हणतात, बाईच्या जातीला एवढं चालायचंच. खरंच तसं असतं का, असा तुमचा प्रश्न आहे. ताई, तसं नसतं.

मी डॉक्टर नाही. नाशिकरोडला एका लॅबमध्ये एकोणीस वर्षं रक्त काढते आहे. सुई टोचताना बायका बोलतात, आणि ‘थकवा’ हा शब्द त्यात फार कमी येतो. कुणी म्हणते हातापायात त्राण नाही, कुणी म्हणते भांडी घासता घासता खाली बसावंसं वाटतं. दिंडोरीकडची एक बाई द्राक्षाच्या विरळणीला जायची. घड विरळायला हात वर धरले की पाच मिनिटांत भरून येतात, एवढीच तिची तक्रार होती. हिमोग्लोबिन निघालं ७.४, आणि ती रोज कामावर जात होती. रक्त हळूहळू कमी झालं की शरीर तेवढ्यावर भागवायला शिकतं, आणि बाईला वाटतं आपण पहिल्यापासून अशाच.

बायकांसाठी (गरोदर नसताना) १२ ग्रॅमच्या खाली हिमोग्लोबिन म्हणजे ॲनिमिया. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायका त्यात सापडल्या. निम्म्याहून जास्त! एवढ्या जणींना असल्यावर घरात त्याला आजार कोण म्हणणार?

तुमचं १२.१ म्हणजे काठावर आहे, आणि मला खरं सांगायचंय ते इथेच. अंगातलं लोह कमी होऊ लागलं की आधी साठा संपतो, हिमोग्लोबिन त्यानंतर उतरतं. घरी नळाला पाणी येतंय म्हणून गंगापूर धरण भरलेलं आहे असं धरून चालत नाही ना, तसंच हे. साठा मोजायची तपासणी म्हणजे फेरिटिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने १५ च्या खाली म्हणजे लोहाची कमतरता. पुष्कळ डॉक्टर ३० च्या खाली गेलं तरी उपचार सुरू करतात. लोह स्नायूंनाही लागतं, म्हणून ॲनिमिया नसतानाही माणूस गळून जातो. अंगात ताप किंवा सूज असेल तर फेरिटिन खोटंच वर दिसतं, तेव्हा आजारपणात ते करू नका.

माझं स्वतःचं असंच झालं. हिमोग्लोबिन १२.४, ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून परत पाठवलं. केस मूठमूठ गळत होते आणि मला फ्रीजमधला बर्फ चावून खावासा वाटायचा. कच्चे तांदूळ, पाटीवरची पेन्सिल, बर्फ असं काही खावंसं वाटणं ही लोह कमी असल्याची जुनी खूण आहे. शेवटी मीच फेरिटिन करून घेतलं, ८ आलं. मला त्या दिवशी रडू आलं, कारण वर्षभर मी स्वतःला कामचुकार समजत होते.

लोह कमी निघालं तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त जातंय कुठे, हे विचारा. तुमच्या वयात पहिलं उत्तर बहुधा पाळी. सात दिवसांहून जास्त चालते का, तासा-दोन तासाला पॅड भिजतं का, गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का? बायका सांगतात, ‘माझी नेहमी अशीच, आईचीही अशीच होती.’ त्यामुळे ते जास्त आहे हे कुणाच्या लक्षातच येत नाही. दुसऱ्या बाळंतपणानंतर तांबी बसवली असेल तर तिनेही रक्तस्राव वाढतो. पिशवीत गाठ असू शकते, थायरॉइडनेही पाळी बिघडते. या सगळ्यावर औषधं आहेत. पिशवी काढून टाका असं पहिल्याच भेटीत कुणी म्हटलं तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.

गोळ्या दुधाबरोबर किंवा चहाबरोबर घेतल्या तर बरंचसं लोह वाया जातं. आपल्याकडे जेवण झालं की लगेच चहा ठेवायची सवय आहे, तो तासभर तरी पुढे ढकला. गोळीबरोबर लिंबूपाणी चालतं. शौचाला काळं होतं, घाबरू नका. पोट बिघडलं तर गोळी सोडू नका, एक दिवसाआड घेतली तर चालेल का ते डॉक्टरांना विचारा. तशी घेतली तरी लोह चांगलं शोषलं जातं. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही साठा भरायला साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, आणि नेमक्या इथेच बहुतेक जणी थांबतात. खाण्यात हळीव, बाजरी, चवळी, पालेभाजी ठेवा. मोड आलेल्या मटकीवर लिंबू पिळण्याची आपली पद्धत लोहाच्या दृष्टीनेही उत्तम. उपासाच्या साबुदाण्यात मात्र पिठूळपणाशिवाय फारसं काही नाही. आठवड्यात दोन-तीन उपास असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

त्याच वेळी टीएसएच (थायरॉइडची तपासणी), बी-१२ आणि साखर बघून घ्या. वजन वाढणं, बद्धकोष्ठ, सगळ्यांना उकडत असताना तुम्हाला थंडी वाजणं, हे थायरॉइडकडे बोट दाखवतं. हातापायाला मुंग्या येत असतील आणि घर शाकाहारी असेल तर बी-१२. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी सांगा, त्यांनी थायरॉइडचा रिपोर्ट चुकू शकतो. आणि छातीत दडपण, बसल्या जागी दम, कारण नसताना वजन उतरणं, रोज संध्याकाळी ताप किंवा दोन आठवड्यांवर खोकला, यातलं काहीही असेल तर आजच जा.

झोपेचंही विचारते. सात तास सलग झोपता की मुलांसाठी दोनदा उठता? केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बायकांचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात असं दिसलं, पुरुषांची ८८. रिपोर्ट सगळे चांगले आले तरी हा हिशोब उरतोच, तो घरात मांडावा लागेल. मन उदास असेल, कशात रस वाटत नसेल, तर तेही तितकंच मोकळेपणाने सांगा. पण रक्त नीट तपासायच्या आधी कुणाला ‘टेन्शन आहे’ म्हणू देऊ नका.

पुढच्या पाळीत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज किती पॅड लागले ते लिहीत जा. ते पान फाडून डॉक्टरांकडे न्या आणि चिठ्ठीवर फेरिटिन लिहून मागा. लॅबमध्ये सकाळी या, येताना पाणी पिऊन या, शीर लवकर सापडते.